मेंदूला इजा झालेल्यांना जाणता वकील द्या

मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई



मी वसई तालुक्यातल्या नंदाखालचा रहिवासी. अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या माणसाच्या घरच्यांना त्या विषयातला जाणता वकील वेळेवर मिळावा आणि तो मिळवून देण्याचं काम आपल्या प्राधिकरणाने अंगावर घ्यावं, या एकाच मागणीसाठी हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

नंदाखाल हे विरारच्या पश्चिमेला, आगाशी-निर्मळच्या पट्ट्यातलं वाड्यांचं गाव. केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला. आता घराघरांतली तरुण मुलं नोकरीधंद्याला बाहेर पडतात आणि दुचाकीशिवाय कुणाचं पान हलत नाही. समजा, याच गावातला तीस वर्षांचा एक माणूस. सकाळी वाडी बघतो, दिवसभर टेम्पोने माल पोहोचवतो, महिन्याला वीस हजार सुटतात. रात्री घरी येताना त्याच्या दुचाकीला मागून गाडी ठोकते. जवळच्या दवाखान्यातून त्याला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला हलवतात. बेशुद्धीची खोली मोजायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. त्यात पंधरापैकी आठ किंवा त्याहून कमी गुण आले की इजा गंभीर समजतात. याला सहा गुण आहेत. बायको आयसीयूच्या दारात बसली आहे, भाऊ रक्ताच्या आणि पैशाच्या मागे धावतो आहे.

त्याच वेळी, त्या दोघांच्या नकळत, कायद्याचं घड्याळ सुरू झालेलं असतं. पंचनामा होतो, गाडीच्या विम्याची माहिती नोंदली जाते किंवा राहून जाते, दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. आणि कुणीतरी अनोळखी माणूस दारात येऊन बसतो. क्लेम करून देतो म्हणतो, आधी एक पैसा नको, मिळाल्यावर टक्का द्या म्हणतो. कोऱ्या कागदांवर आणि वकीलपत्रावर सह्या घेऊन तो जातो. ज्या वकिलाचं नाव त्या वकीलपत्रावर पुढे भरलं जातं, त्याला या घरच्यांनी पाहिलेलंही नसतं.

त्या माणसाला अपघाताची खबर कुठून लागते, हे मी इथे उगाळत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. ही खबर आपल्याला कायद्याने मिळायची आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि त्याची प्रत जखमीला, विमा कंपनीला आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची असते. दहा दिवसांच्या आत जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुनाही पोलिसांनी द्यायचा असतो. हे नियम काटेकोर पाळा, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात देशभरच्या पोलिसांना आणि न्यायाधिकरणांना बजावलं आहे. म्हणजे दोन दिवसांत आपल्याकडे त्या माणसाचं नाव यायला हवं. एजंटाच्या आधी आपला वकील त्या आयसीयूच्या दारात उभा राहू शकतो, तशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

पण कुठलाही वकील तिथे पाठवून भागणार नाही.

पाय मोडला तर एक्स-रेमध्ये दिसतो, न्यायाधीशांना दिसतो, विमा कंपनीच्या वकिलालाही दिसतो. मेंदूची इजा दिसत नाही. आपला हा तीस वर्षांचा माणूस दोन महिन्यांनी घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं की रुग्ण शुद्धीवर आहे, चालतो, बोलतो. गाववाले येऊन म्हणतात, देवाने वाचवला. मग बायकोला हळूहळू कळू लागतं. तो गॅस पेटवून विसरून जातो. शंभराची नोट देऊन उरलेले पैसे घ्यायचे त्याच्या ध्यानातच येत नाही. मुलाने मोठ्याने हाक मारली तरी अंगावर धावून जातो. सकाळी अकरा वाजताच इतका थकतो की बसल्या जागी झोपतो. कपाळामागच्या मेंदूच्या भागाला मार बसला की रागावरचा ताबा, नियोजन, चांगल्यावाइटाचा अंदाज यांवर घाला येतो. मेंदूतले तंतू ताणले जाऊन तुटले असतील तर सीटी स्कॅनमध्ये फारसं काही सापडतही नाही.

यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी की अशा अनेक रुग्णांना आपल्यात काही बिघडलंय हेच उमगत नाही. ते खोटं बोलत नसतात. ज्या मेंदूने ओळखायचं, त्यालाच मार बसलेला असतो. अशा माणसाला अनभिज्ञ वकील साक्षीच्या पिंजऱ्यात उभा करतो. समोरचा वकील सौम्यपणे विचारतो, तुमची तब्येत आता कशी आहे? हा म्हणतो, मी अगदी बरा आहे, कामावर जाऊ शकतो. ते वाक्य नोंदलं जातं आणि पुढे वरच्या कोर्टापर्यंत त्याच्या विरोधात वाचलं जातं. जाणता वकील आधी मज्जाविकारतज्ज्ञाची साक्ष घेतो, स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या मानसशास्त्रीय चाचण्या करून घेतो, बायकोला रोजची नोंद ठेवायला सांगतो, ज्याच्याकडे तो माल पोहोचवत असे त्या व्यापाऱ्याला साक्षीला बोलावतो.

पैशाच्या भाषेत फरक किती पडतो, ते मांडतो. महिना वीस हजार म्हणजे वर्षाला २,४०,०००. स्वतःचा धंदा करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या भावी वाढीसाठी त्यात चाळीस टक्के मिळवतात, ते झाले ३,३६,०००. तिसाव्या वर्षासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १७ आहे. एकूण ५७,१२,०००. आता अपंगत्वाचा दाखला चाळीस टक्क्यांचा असेल आणि वकिलाने तोच आकडा पुढे केला, तर कमाईच्या नुकसानीचे हातात येतात २२,८४,८००. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता गमावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब चुकणारा, रस्ता विसरणारा माणूस टेम्पो चालवून धंदा करू शकत नाही. त्याचं कमाईचं नुकसान शंभर टक्के आहे. ते शंभर टक्के सिद्ध करणारा वकील आणि चाळीसवर थांबणारा वकील यांच्यात चौतीस लाखांहून जास्त रुपयांचं अंतर पडतं. त्यावर सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च. महिना दहा हजार धरले तरी त्याच गुणकाने २०,४०,००० होतात, आणि तो खर्च मागितलाच नाही तर सहसा मिळत नाही.

हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. हरियाणातल्या बारा वर्षांच्या एका मुलीला २००७ मध्ये अपघातात डोक्याला मार बसला. तिचं मानसिक वय नऊ महिन्यांच्या बाळाएवढं उरलं. न्यायाधिकरणाने अकरा लाखांच्या आसपास भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती पंचवीस लाखांवर नेली, आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६२,२७,००० रुपये दिले. तिला चोवीस तास सांभाळायला दोन माणसं लागतील हे धरून तो खर्च गुणकाने मोजला. अपघातापासून या आकड्यापर्यंत बारा वर्षं गेली. मुलगी तीच, इजा तीच, अपघात तोच. पहिल्याच पायरीवर हे सगळं नीट मांडलं गेलं तर किती घरं सावरतील, याचा विचार आपण करावा.

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. या माणसाच्या वतीने बोलायचं कुणी? मुंबईत हा प्रश्न नवा नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्या खटल्यात ठेवलाच गेला नाही. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांचा वादमित्र, म्हणजे त्यांच्या वतीने न्यायालयात बोलणारा, म्हणून कुणाला मानायचं, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात झाला तो ७ मार्च २०११ रोजी. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षं त्यांनीच सेवा केली होती. १८ मे २०१५ रोजी शानबाग गेल्या. त्या निकालाची चर्चा इच्छामरणाच्या अंगाने खूप झाली. मला मात्र त्यात हेही दिसतं की मुंबईसारख्या शहरात, इतक्या लोकांची माया लाभलेल्या बाईसाठी, कायद्यापुढे तुमचा माणूस कोण हे ठरायला सदतीस वर्षं लागली.

नंदाखालच्या घरातली बायको हाच प्रश्न घेऊन बँकेत जाते. नवरा बेशुद्ध आहे, उपचाराला पैसे हवेत, पैसे त्याच्या खात्यात आहेत. बँक म्हणते, कोर्टाचा आदेश आणा. कुठल्या कोर्टाचा? १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची जुनी तरतूद उरली नाही. कोमातल्या सज्ञान माणसासाठी असा थेट कायदाच नाही. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका पत्नीच्या अर्जावर, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालचे अधिकार वापरून, तिला कोमातल्या पतीची पालक नेमलं. वाट आहे, पण ती फोर्टमधल्या उच्च न्यायालयातून जाते, आणि ती ठाऊक असलेला वकील वसईत शोधायचा कसा?

शोधण्याची रीतसर वाटच नाही, ही या सगळ्यातली गाठ आहे. भारतात वकिलाला सनद मिळते ती सगळ्याच कामांची. हृदयाचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर अशी पाटी असते, मेंदूच्या इजेचा वकील अशी पाटी नसते. भारतीय विधिज्ञ परिषदेचा ३६वा नियम वकिलाला जाहिरात करायला आणि दलालामार्फत काम मिळवायला मनाई करतो. २०व्या नियमाप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि भरपाईत वाटाही घेता येत नाही. नियम चांगल्या हेतूने केले आहेत. पण जो वकील ते पाळतो तो आपल्या टेबलाशी बसून राहतो, आणि जो मोडतो तोच दवाखान्याच्या दारात पोहोचतो. २०२३ मध्ये अधिवक्ता कायद्यात दुरुस्ती होऊन दलालांच्या याद्या जाहीर करण्याची तरतूद आली. याद्यांचं स्वागत आहे. पण दलाल हटवल्यावर त्या जागी कुणी चांगला माणूस उभा केला नाही, तर बाईने जायचं कुणाकडे?

तो चांगला माणूस आपण उभा करू शकता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या १२व्या कलमाने स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या उत्पन्नमर्यादेत मिळतो. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांचं नावच मोफत आणि सक्षम विधी सेवा असं आहे. त्यात दिवाणी, फौजदारी, कामगार, वैवाहिक अशा विषयांसाठी वकिलांची वेगवेगळी पॅनेलं ठेवायला सांगितलं आहे. मेंदूच्या आणि मणक्याच्या गंभीर इजांसाठी असंच एक स्वतंत्र पॅनेल करा, ही माझी मुख्य विनंती. त्यात तीन वर्षं वकिली झाली एवढ्यावर नाव घालू नका. असे दावे प्रत्यक्ष चालवलेत का, तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष घेतली आहे का, हे बघा. मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतले मेंदूशल्यचिकित्सक आणि मानसशास्त्रज्ञ बोलावून या वकिलांना शिकवा. ठाण्याच्या न्यायाधिकरणात पालघर जिल्ह्यातल्या अपघातांचे दावे वर्षानुवर्षं चालत आले आहेत. तिथल्या अनुभवी वकिलांना यात ओढा.

दाखल्यासाठी कुणाला अडवू नका, हेही मुद्दाम सांगतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, पण अपघाताने झालेली मेंदूची इजा त्यात त्या नावाने नाही. ती हातापायांच्या, बौद्धिक किंवा मानसिक अशा कुठल्यातरी रकान्यात बसवावी लागते आणि त्यात महिने जातात. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, हा मोठाच दिलासा. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी घरी बसू नये. दाखला नंतर येऊ द्या, डिस्चार्ज कार्डावर वकील द्या.

आता लोकअदालतीविषयी. हा भाग आपल्याला आवडणार नाही, पण तो लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. अपघाताचे दावे लोकअदालतीत झटपट मिटतात आणि मिटलेल्या दाव्यांचे आकडे अभिमानाने जाहीर होतात. पाय मोडलेल्या माणसासाठी ते भल्याचं आहे. मेंदूच्या इजेत माणूस कुठवर सुधारेल हे कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. सहाव्या महिन्यात आठ लाखांवर अंगठा उमटला की पुढची चाळीस वर्षं त्या आठ लाखांतच काढायची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२व्या आदेशाप्रमाणे, मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या पक्षकाराच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. हीच काळजी लोकअदालतीत सक्तीची करा. ज्या दाव्यात डोक्याच्या गंभीर इजेची नोंद आहे, तो तज्ज्ञ डॉक्टरचा ताजा अहवाल आणि वादमित्राची नेमणूक झाल्याशिवाय तडजोडीला घेऊच नका. मिटलेल्या दाव्यांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल.

हे पत्र जाहीर असल्याने आयसीयूबाहेर बसलेल्या माणसांशीही दोन शब्द बोलतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. वकिलाला स्वतः भेटा, सनदेचा क्रमांक विचारा. त्याने डोक्याच्या इजेचे दावे चालवलेत का, डॉक्टरला साक्षीला बोलावणार का, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मागणार का, वादमित्र कोण होणार, हे प्रश्न विचारायला लाजू नका. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. टक्केवारी मागितली तर ती नियमाबाहेर आहे हे लक्षात ठेवा. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, प्रती द्या. विधी सेवेचा मोफत क्रमांक १५१०० आहे. आणि ५ मे २०२५ पासून अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्र सरकारची योजना लागू आहे, तिची चौकशी दवाखान्यात पहिल्याच दिवशी करा. अपघात रस्त्यावरचा नसेल, कुणी माडावरून किंवा कारखान्यात पडलं असेल, तर कायदा बदलतो, पण हे प्रश्न तेच राहतात.

हरित वसईच्या चळवळीत पुढे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म नंदाखालचा. त्या चळवळीत या पट्ट्यातले लोक एकत्र रस्त्यावर उतरले ते गावाचं पाणी आणि वाड्या राखायला. तेव्हा सगळे सोबत होते. डोक्याला मार लागलेल्याचं घर मात्र एकटं लढतं, कारण त्याचं दुःख बाहेर दिसत नाही आणि दोन महिन्यांनी गावही आपल्या कामाला लागतं. म्हणून या घरांची बाजू आपल्यासारख्या संस्थेने घ्यावी लागते.

पोलिसांकडून येणाऱ्या पहिल्या अहवालांत डोक्याच्या इजेची नोंद दिसली की त्याच आठवड्यात विधी स्वयंसेवक रुग्णालयात पाठवण्याची सुरुवात वसई तालुक्यापासून करता येईल. तसा आदेश निघाला, तर वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीच्या फलकावर तो मराठीत लावावा, आणि त्याखाली असे दावे चालवलेल्या पॅनेल वकिलांची नावं असावीत. त्याच्या प्रती आगाशी, नंदाखाल, निर्मळच्या चर्चच्या, देवळांच्या आणि दवाखान्यांच्या फलकांवर लावायचं काम आम्ही गावकरी करू.

आपला नम्र,
नंदाखालचा एक रहिवासी